बंद पडलेलं घड्याळ आणि अडगावची बैलबंडी

टाइम मशीन मिळालं तर तू कुठं जाशील? हा प्रश्न आमच्या हॉस्टेलमध्ये सेमिस्टरला किमान दोनदा तरी निघतो. वेळही ठरलेली. पेपरच्या आदल्या रात्रीचा दीड वाजलेला, चहा संपलेला आणि तिसरं युनिट उघडायचंच राहिलेलं. उत्तरंही ठरलेलीच. कुणी म्हणतं, मी सेमिस्टरच्या पहिल्या दिवशी जाईन आणि रोज दोन तास अभ्यास करेन (साफ खोटं!). कुणाला पेपर सेटरच्या टेबलावर डोकवायचं असतं. कुणाला सीईटीच्या हॉलमध्ये परत जाऊन शेवटचे दहा प्रश्न अंदाजपंचे न मारता सोडवायचे असतात. आणि एक तरी जण अशी निघतेच, जिला ॲडमिशनच्या राउंडला परत जाऊन ब्रँचच बदलायची असते.

मजा अशी की प्रत्येकीला तिथं जाऊन काहीतरी दुरुस्त करायचंय. नुसतं बघायला कुणालाच जायचं नाही. आपण इंजिनियर लोक, काही बिघडलेलं दिसलं की आपला हात आपोआप स्क्रू ड्रायव्हरकडे जातो, त्याला इलाज नाही. पण मी आजवर पाहिलेल्या टाइम ट्रॅव्हलच्या एपिसोडांमध्ये जो मला सगळ्यात जास्त आवडला, त्यात कुणीही काहीही दुरुस्त करत नाही. आणि ते बरोबर करतात, असं माझं ठाम मत आहे. आमच्या मजल्यावरच्या निम्म्या पोरी या मतावरून माझ्याशी अजून भांडतात. म्हटलं, एकदा लिहूनच काढू.

(कॉन्व्हेंटवाली मराठी सेक्शनमध्ये काय करतेय, असं विचारणाऱ्यांसाठी: इंग्लिश सेक्शनमध्ये जागा होती. पण भांडण मराठीत झालंय, तर लेखही मराठीतच बरा.)

तर एपिसोड आहे 'डॉक्टर हू' या मालिकेतला, 'डीमन्स ऑफ द पंजाब'. ज्यांना ही मालिका माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. बीबीसीवर ही २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली. डॉक्टर नावाचा एक परग्रहवासी आहे, त्याच्याकडे टार्डिस नावाचं टाइम मशीन आहे, ते बाहेरून निळ्या रंगाच्या पोलीस बूथसारखं दिसतं आणि आतून आपल्या ऑडिटोरियमपेक्षा मोठं असतं. डॉक्टर मरायला टेकला की त्याचं शरीरच बदलतं, म्हणजे नट बदलला तरी मालिका चालू! निर्मात्यांनी किती सोयीस्कर युक्ती काढली बघा. आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार कुणाला माहीत नसते. या मालिकेचा पहिलावहिला एपिसोड ज्यानं दिग्दर्शित केला तो वारिस हुसेन आपल्या लखनौत जन्मलेला. म्हणजे पहिल्या दिवसापासून यात आपला माणूस होता. पण डॉक्टर प्रत्यक्ष फाळणीच्या पंजाबात पोहोचायला २०१८ साल उजाडलं. ११ नोव्हेंबर २०१८ ला हा एपिसोड दाखवला गेला. लेखक विनय पटेल. तेव्हा डॉक्टरच्या भूमिकेत जोडी व्हिटाकर होती, पहिली स्त्री डॉक्टर.

इथून पुढं कथा सांगतेय. ज्यांना आधी एपिसोड बघायचा आहे त्यांनी तीन परिच्छेद उडी मारावी.

डॉक्टरसोबत फिरणारी यास्मिन खान, म्हणजे याझ, ही इंग्लंडमधल्या शेफील्ड गावची मुलगी. तिची नानी उंबरीन आपल्या वाढदिवसाला नातीला एक भेट देते. फुटलेलं, बंद पडलेलं मनगटी घड्याळ. वर सांगते, हे कधीच दुरुस्त करायचं नाही. का, ते मात्र सांगत नाही. आता नातीकडे टाइम मशीन आहे म्हटल्यावर ती थोडीच गप्प बसणार? डॉक्टरला लाडीगोडी लावून ती पोहोचते ऑगस्ट १९४७ च्या पंजाबात. बघते तर तिची तरुण नानी लग्नाच्या तयारीत. आणि नवरा मुलगा? तो याझचा नाना नाहीच. तो प्रेम नावाचा हिंदू तरुण आहे, दुसऱ्या महायुद्धात लढून परत आलेला. दोघांची शेतं शेजारी. रेडिओवर नव्या सीमेची बातमी येते आणि कळतं की रेघ बरोब्बर या दोन शेतांच्या मधून गेलीय. कालपर्यंत बांध होता, आज आंतरराष्ट्रीय सीमा. लग्न लागतं ते त्या रेघेवर, आणि लावते खुद्द डॉक्टर.

गावात दोन भयानक चेहऱ्याचे परग्रहवासी दिसत असतात. थिजेरियन. डॉक्टरला माहीत असतं की ही विश्वातली सगळ्यात खतरनाक मारेकऱ्यांची जात. लग्न लावायला येणाऱ्या साधूचा मुडदा पडतो तेव्हा आपल्यालाही वाटतं, झालं, हेच ते डीमन्स. पण नाही! ते आता मारेकरी राहिलेले नाहीत. ते बाहेर असताना त्यांचा अख्खा ग्रह नष्ट झाला, आणि मेलेल्यांसाठी रडायलाही कुणी उरलं नाही. तेव्हापासून त्यांनी काम बदललं. विश्वात कुठंही, कोणत्याही काळात जो एकटा मरतोय, ज्याची कुणी आठवण ठेवणार नाही, त्याच्याजवळ जाऊन उभं राहायचं आणि बघायचं. बस. साधूला मारणारा प्रेमचा सख्खा धाकटा भाऊ मनीष निघतो. भडक प्रचार ऐकून-वाचून डोकं फिरलेला एक साधा शेतकऱ्याचा पोरगा. शेवटी तोच घोडेस्वारांची टोळी घेऊन येतो. त्या टोळीत युद्धात प्रेमच्या बरोबरीनं लढलेला एक जणही असतो. उंबरीन आणि तिची आई निसटतात, प्रेम त्यांच्यासमोर जाऊन उभा राहतो, आणि गोळी सुटते. लग्नात खाली पडून फुटलेलं प्रेमचं घड्याळ तेवढं उंबरीनच्या हातात राहतं.

डॉक्टर हे सगळं होणार हे आधीच ओळखते. तरी ती प्रेमला वाचवत नाही. पाठ फिरवून चालू लागते, मागं गोळीचा आवाज येतो. मी हा एपिसोड चारदा पाहिलाय आणि चारही वेळा त्या आवाजाच्या आधी माझा हात स्पेसबारकडे गेलाय, पॉज करायला. जणू मी थांबवलं तर तो वाचेल.

आता भांडण. आमची एक मैत्रीण अकोटची, अस्सल वऱ्हाडी. एपिसोड संपल्या संपल्या तिनं तोफ डागली, "काहून वं, थे डॉक्टर बाई एवढी शानी, मंग त्या प्रेमले त्या निया डब्ब्यात बसवून काहून नाई घिऊन गेली? दोन मिंटाचं काम होतं!"

उत्तर एपिसोडातच आहे. प्रेम वाचला तर उंबरीन त्याच्यासोबत राहील, शेफील्डला जाणार नाही, दुसरं लग्न करणार नाही, तिला मुलगी होणार नाही आणि मग याझही जन्मणार नाही. याझ जन्मली नाही तर डॉक्टरला पंजाबात आणणार कोण? हा आपला जुना 'ग्रँडफादर पॅराडॉक्स', फक्त इथं आजोबाला मारायचं नसून जो आजोबा झाला नाही त्याला मरू द्यायचंय. माझ्या मते हे मूळ पॅराडॉक्सपेक्षा कितीतरी कठीण. स्वतःच्या आजोबाला गोळी घालायला कुणाचा हात उठणार आहे? पण एका भल्या माणसाला वाचवण्यापासून स्वतःला रोखणं! इथं सायन्स फिक्शनचा गणिती कोडं म्हणून वापर संपतो आणि पोटात खड्डा पडायला लागतो.

फिजिक्सवाल्या सरांना विचारलं तर ते म्हणतील, पुढच्या काळात जाणं ही काही कल्पना नाही, ते रोज चाललंय. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढं पळतात, आणि ही दुरुस्ती केली नाही तर आपला मोबाईल राजकमल चौकाऐवजी आपल्याला दिवसभरात दहाएक किलोमीटर भलतीकडे नेऊन सोडेल. सर्गेई क्रिकालेव या अंतराळवीरानं एकूण ८०३ दिवस अंतराळात काढले, त्यामुळे तो तुमच्या-माझ्यापेक्षा साधारण एक पन्नासांश सेकंद भविष्यात जाऊन बसलाय. त्याची खरी गंमत मात्र वेगळीच. तो मे १९९१ मध्ये सोव्हिएत युनियनमधून वर गेला आणि मार्च १९९२ मध्ये खाली उतरला तेव्हा सोव्हिएत युनियन नावाचा देशच नव्हता! उंबरीननं तर पायसुद्धा हलवला नव्हता, तरी तिचा देश बदलला.

मागं जाण्याचं मात्र अवघड आहे. कुर्ट गोडेलनं १९४९ मध्ये आइनस्टाइनच्याच समीकरणांतून दाखवून दिलं की काळाच्या वाटा वळून परत स्वतःला येऊन मिळणारं विश्व गणितात तरी बसतं. आइनस्टाइनला ते फारसं पचलं नाही म्हणतात. स्टीफन हॉकिंगला वाटायचं, निसर्गाचे नियमच मागं जाऊ देत नसावेत. त्यानं २८ जून २००९ ला केंब्रिजमध्ये टाइम ट्रॅव्हलर्ससाठी पार्टी ठेवली. फुगे, शॅम्पेन, सगळा थाट, आणि निमंत्रणं पाठवली पार्टी झाल्यानंतर. कुणी आलं नाही. आमच्या मेसमध्ये फीस्टच्या दिवशी असं कधी झालेलं नाही, एवढंच सांगते.

असो. अकोटच्या बाईंचं समाधान पॅराडॉक्सनं होणार नव्हतंच. तिचा पुढचा मुद्दा जास्त वजनदार होता. ती म्हणाली, या गोऱ्यांचं सोड, आपल्या नारळीकरांनी तर पानिपत जिंकून दाखवलं!

खरं आहे. डॉ. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा. मी ती आधी इंग्रजीत वाचली, अकरावीच्या 'हॉर्नबिल' या पुस्तकात 'द ॲडव्हेंचर' म्हणून. मराठीत ती नंतर हाती आली आणि वाटलं, अरे, ही तर इथलीच होती! इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातात सापडतात आणि एका वेगळ्याच मुंबईत जाऊन पोहोचतात. तिथं ईस्ट इंडिया कंपनी अजून दुकान मांडून बसलीय. पंत लायब्ररीत जाऊन पुस्तकं चाळतात तेव्हा कळतं, की या जगात १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना गोळी लागलीच नाही. कानाजवळून गेली. तेवढ्या बोटभर अंतरानं मराठे पानिपत जिंकले आणि पुढचा सगळा हिंदुस्थान बदलला. शेवटी त्यांचा मित्र कॅटॅस्ट्रॉफी थिअरी आणि क्वांटम मेकॅनिक्स लावून हे समजावून सांगतो. आपल्यासारख्यांना मेजवानीच!

नारळीकर २० मे २०२५ ला गेले. त्यांच्या बातम्यांमध्ये पुन्हा पुन्हा तो जुना किस्सा आला, की १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली होती. ज.वि.ना. उलटं केलं की ना.वि.ज. पहिलं बक्षीस मिळालं. किस्सा छान आहे, पण मला वाटतं आपण त्यांच्या कथा वाचण्यापेक्षा किस्सेच जास्त वाचले.

कारण कथा नीट वाचली तर ती माझ्याच बाजूनं साक्ष देते. गंगाधरपंतांनी पानिपतावर जाऊन कुणालाही वाचवलेलं नाही. ती गोळी चुकली ती आपोआप. पंत त्या जगात फक्त पाहुणे आहेत, बघताहेत, वाचताहेत, आणि तोवर सगळं सुरळीत चालतं. मग ते आझाद मैदानावर एका व्याख्यानाला जातात. व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसते. या जगात अध्यक्षीय भाषणांना लोक कंटाळलेत, म्हणून अध्यक्षच ठेवत नाहीत (काय सुंदर जग!). पंतांना राहवत नाही. ते जाऊन खुर्चीवर बसतात आणि लोकांना दोन शब्द सुनवायला लागतात. झालं! टोमॅटो, अंडी, धक्काबुक्की, आणि पंत त्या जगातून थेट बाहेर. म्हणजे नारळीकरांनीही शेवटी तेच सांगितलं ना? बघा, वाचा, नोंद ठेवा. माईक हातात घेतलात की अंडी.

"थे जाऊ दे," अकोटवाली म्हणाली. "पानिपत दूर आहे. मले एक बैलबंडी दे अन् अडगावच्या पांदणीत सोड. बस, तेवढ्यात काम करतो."

अडगाव म्हणजे आपल्याच अकोला जिल्ह्यातलं, तेल्हारा तालुक्यातलं. तिच्या घरापासून जवळ, म्हणून तिला कळवळा. आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे, की वऱ्हाडाचं पानिपत तिथं झालं? २९ नोव्हेंबर १८०३. एका बाजूला नागपूरकर भोसल्यांची फौज, रघूजी भोसल्यांचा भाऊ मन्याबापू तिचा सेनापती. दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, जो पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि ज्यानं १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. लढाईच्या सुरुवातीलाच भोसल्यांच्या तोफा धडाडल्या आणि वेलस्लीच्या काही पलटणी चक्क पळत सुटल्या. दोनच महिन्यांपूर्वी असईला मर्दुमकी गाजवलेल्या त्याच पलटणी! योगायोगानं वेलस्ली तिथंच जवळ होता. त्यानं त्यांना शांतपणे आडोशाला नेलं, रांगा लावल्या आणि परत पुढं आणलं. त्यानंच नंतर पत्रात लिहिलं, की मी तिथं नसतो तर तो दिवस आपण हरलो असतो. संध्याकाळपर्यंत भोसल्यांची फौज उधळली. १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मेला, आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह होऊन वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड भोसल्यांच्या हातून कायमचं गेलं.

म्हणून अकोटवालीची योजना अशी: वेलस्लीच्या घोड्यासमोर पांदणीत बैलबंडी आडवी घालायची. दहा मिनिटं उशीर. पलटणी पळून जातात. खेळ खलास. मला मान्य करावं लागेल, योजना इंजिनियरिंगच्या दृष्टीनं सुरेख आहे. कमीत कमी खर्च, जास्तीत जास्त परिणाम. नारळीकरांच्या मित्राची कॅटॅस्ट्रॉफी थिअरी हेच सांगते, की कड्याच्या टोकावर उभ्या असलेल्या गोष्टीला एक बोट पुरतं.

पण पुढचा हिशोब कोण करणार? वऱ्हाड भोसल्यांकडे राहिलं असतं तर ते निजामाकडे गेलं नसतं, १८५३ च्या तहानं इंग्रजांच्या ताब्यात आलं नसतं, मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी कापसाच्या गाड्या भरायला बडनेरा-अकोल्याहून रेल्वे तशी आणि तेव्हा आली नसती. त्या रेल्वेबरोबर जे कापसाचे व्यापारी, कारकून, वकील, मास्तर इथं आले, ते आले नसते. त्यातले निम्मे आपले पणजोबा-खापरपणजोबा. म्हणजे बंडी आडवी घालणारी पोरगीच त्या पांदणीतून गायब! अकोटवालीनं यावर विचार केला आणि म्हणाली, "मी नसली तं नसली. वऱ्हाड तं रायलं अस्तं." या वाक्यापुढं माझ्याकडे युक्तिवाद नव्हता. अजून नाही. आपण नसलो तरी चालेल असं म्हणण्याची हिंमत ज्याच्यात आहे, त्यानं खुशाल बंडी घालावी. पण याझला कुणी विचारलं नव्हतं, आणि आपल्या पणजोबांनाही कुणी विचारलं नसतं.

एपिसोडात मला खटकलेल्या गोष्टीही सांगते, नाहीतर म्हणाल आंधळी भक्त आहे. पंजाब म्हणून जे दाखवलंय ते स्पेनमध्ये शूट केलेलं आहे. मागं असे उघडे-बोडके डोंगर दिसतात की पंजाबच्या सपाट शेतात राहिलेला माणूस हसेल. डॉक्टरचं लग्नातलं प्रेमावरचं भाषण आमच्या गॅदरिंगच्या प्रमुख पाहुण्यांची आठवण करून देतं. आणि एवढ्या मोठ्या घटनेत बाहेरचं जग फार दिसतच नाही. सिरिल रॅडक्लिफ नावाचा इंग्रज वकील, जो आधी कधी हिंदुस्थानात आलेलाही नव्हता, तो ८ जुलै १९४७ ला येतो काय, पाचेक आठवड्यांत रेघ मारतो काय, आणि स्वातंत्र्य मिळून गेल्यावर दोन दिवसांनी, १७ ऑगस्टला, लोकांना कळतं काय की आपण कोणत्या देशात आहोत! यावर एक अख्खा वेगळा एपिसोड होऊ शकला असता. पण विनय पटेलनं ते सगळं सोडून एक शेत, एक दोरी आणि दोन भाऊ एवढंच घेतलं. बहुतेक त्यामुळंच ते लागतं.

आणि एक गोष्ट पंजाबच्या बाहेरची. फाळणी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पंजाबच येतो. सिनेमे पंजाबचे, कथा पंजाबच्या, आणि आता डॉक्टर हूसुद्धा पंजाबातच. आमची रूममेट अकोल्याची, सिंधी कॅम्पमधली. या सगळ्या भांडणात ती एक शब्द बोलली नव्हती. नंतर म्हणाली, "आमच्याकडे तर रेघसुद्धा आली नाही." मला आधी कळलंच नाही तिला काय म्हणायचंय. मग तिनं सांगितलं. पंजाब आणि बंगाल वाटले गेले, सिंध वाटलाच गेला नाही. अख्खा तिकडे गेला. त्यामुळं सिंधी हिंदूंना अर्धंही गाव, अर्धंही शेत मिळालं नाही. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगे झाले आणि लोक बोटींनी मुंबई-काठियावाडकडे निघाले. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांचं उल्हासनगर झालं. आणि तिथून आणि इतर छावण्यांतून पांगत पांगत माणसं आपल्याकडेही आली. अकोल्याचा सिंधी कॅम्प, अमरावतीचा रामपुरी कॅम्प, आपण ही नावं ऑटोवाल्याला पत्ता सांगताना रोज घेतो. कॅम्प कसला, हे विचारलंय कुणी कधी? आपल्याला ते कापड बाजाराच्या भावाशी संबंधित काहीतरी वाटतं.

तिची नानी आहे. सिंधमधल्या हैदराबादची. निघाली तेव्हा नऊ वर्षांची होती. घरात कुणीही विचारलं की ती म्हणते, "बाद में बताऊँगी."

एपिसोडच्या शेवटी असंच आहे. याझ परत शेफील्डला येते, म्हातारी नानी तिला विचारते, घड्याळाची गोष्ट ऐकायचीय का? आणि याझ म्हणते, नंतर कधीतरी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हे फार गोड वाटलं होतं. चौथ्यांदा पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की याझला 'नंतर' म्हणणं परवडतं. ती बघून आलीय. तिला सगळं माहीत आहे. आमच्या रूममेटला आणि तिच्या नानीला दोघींनाही 'नंतर' म्हणणं परवडत नाही, आणि दोघीही तेच म्हणताहेत.

म्हणून गेल्या मे महिन्यात आम्ही दोघी गेलो. बडनेऱ्याहून गाडी पकडली की अकोला काही लांब नाही. लॅपटॉप नेला होता. पारा ४५ च्या वर, कूलरचा नुसता आवाज. नानीला हिंदीतून सांगत सांगत एपिसोड दाखवला. डोंगर बघून तिनं विचारलं, हे कुठलं गाव? मी म्हटलं, स्पेन. ती म्हणाली, "तभी." पुढं प्रेमच्या मरणाच्या वेळी ती पाणी आणायला उठून गेली, आणि ते संपल्यावरच परत आली. म्हाताऱ्या उंबरीननं घड्याळाबद्दल सांगायला नकार दिला तो पहिला सीन तिनं परत लावायला लावला. म्हणाली, "सही कर रही है." माझ्या रूममेटनं माझ्याकडे पाहिलं.

आम्ही गुमान लॅपटॉप बंद केला. मग लाइट गेली, कूलर थांबला आणि नानी आपण होऊन बोलायला लागली. बोटीबद्दल नाही, दंग्याबद्दल नाही. वाऱ्याबद्दल. त्यांच्या हैदराबादेत प्रत्येक घराच्या छपरावर एक मंघ असायचा, म्हणजे वारा पकडायची चिमणी. सगळ्या गावच्या चिमण्यांची तोंडं एकाच दिशेला, कारण उन्हाळ्यात समुद्राकडून वारा त्याच दिशेनं यायचा. तो वारा आत शिरून खाली खोलीत उतरायचा. ती आणि तिचा भाऊ त्या भोकाखाली झोपण्यासाठी भांडायचे. वाळू आली की झाकण लावायचं, ते काम भावाचं. भावाचं पुढं काय झालं ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

हॉस्टेलला परत आल्यावर शोधलं, तर बर्नार्ड रुडोफ्स्कीच्या 'आर्किटेक्चर विदाउट आर्किटेक्ट्स' या १९६४ च्या गाजलेल्या पुस्तकात त्या छपरांचा फोटो आहे. शेकडो चिमण्या, सगळ्या एकाच बाजूला माना वळवून उभ्या. रूममेटनं तो नानीच्या फोनवर पाठवला. नानीनं फोटो मोठा करून करून आपलं घर शोधलं म्हणे. सापडलं नाही. पण तिनं आम्हाला एक काम लावलंय: तुम्ही इंजिनियर आहात तर सांगा, अकोल्यात मंघ चालेल का? आम्ही कागदावर मांडून पाहिलं. तिथला वारा समुद्रावरून यायचा, इथं मे महिन्यात जो येतो तो तापलेल्या काळ्या मातीवरून येतो. चिमणी लावली तर खोलीत सरळ लू उतरेल. पाण्याचे माठ किंवा ओली वाळ्याची ताटी मधे बसवली तर कदाचित काही होईल. हे दिवाळीत तिला जाऊन सांगायचंय. तिनं निरोप दिलाय, या, बोटीचंही सांगेन. एकच अट. फोनवर रेकॉर्डिंग करायचं नाही, वहीत लिहायचं नाही, समोर बसून ऐकायचं.